गार्नीची घळ आणि गेघार्दची कातळातली चर्चं (आर्मेनिया): जाणाऱ्यांसाठी तपशीलवार धागा

कातळवाट

आखातातून आणि आता थेट महाराष्ट्रातूनही आर्मेनियाला जाणारी मराठी मंडळी बरीच वाढली आहेत. बहुतेकांच्या कार्यक्रमात 'गार्नी-गेघार्द, अर्धा दिवस' अशी एक ओळ असते. अर्ध्या दिवसात एक तर गार्नीची घळ सुटते, नाही तर गेघार्दच्या आतल्या खोल्या सुटतात. म्हणून आधीच सांगतो, पूर्ण दिवस ठेवा.

भूगोल आधी समजून घ्या. येरेवानच्या पूर्वेला साधारण २८ किलोमीटरवर गार्नी गाव, उंची समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरच्या आसपास. गावाच्या कडेलाच जमीन तुटते आणि खाली आझात नदीची घळ आहे. (आझात म्हणजे स्वतंत्र. आपल्या 'आझाद'चाच भाऊ.) गार्नीहून आठ-दहा किलोमीटर पुढे रस्ता जिथे संपतो, तिथे गेघार्दचा मठ. हा मठ मुख्य आझातवर नसून तिला मिळणाऱ्या गोख्त नदीच्या अरुंद दरीत, तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेला आहे. नकाशावर 'आझात खोरं' वाचून मठ गार्नीच्या घळीतच असेल असं समजू नका. दोन्हींच्या मध्ये चांगली वीस मिनिटांची गाडीवाट आहे. २००० साली युनेस्कोने 'गेघार्दचा मठ आणि आझातचं वरचं खोरं' असं दोन्ही मिळून जागतिक वारसा यादीत घेतलं.

मठाचं जुनं नाव आयरीवांक. आयर म्हणजे गुहा, वांक म्हणजे मठ. चौथ्या शतकात संत ग्रेगरीने (आर्मेनियात ख्रिस्ती धर्म रुजवणारा) गुहेतल्या पवित्र झऱ्यापाशी तो स्थापला अशी परंपरा आहे. गेघार्द म्हणजे भाला. येशूच्या कुशीत खुपसलेला भाला शतकानुशतकं इथे जपला होता अशी श्रद्धा, त्यावरून पुढे हे नाव पडलं. तो भाला आता एचमियाद्झिनच्या (आर्मेनियन चर्चचं मुख्य पीठ) खजिन्यात आहे. गेघार्दमध्ये शोधू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फाटकातून आत गेल्यावर अंगणात समोर जे घुमटाचं चर्च दिसतं, ते बांधलेलं आहे, कोरलेलं नाही. नाव काथोघिके, साल १२१५, झाकारे आणि इवाने या सरदार भावांच्या काळातलं. त्याला पश्चिमेकडून चिकटलेला चौरस मंडप म्हणजे गावित, १२१५ ते १२२५ च्या दरम्यानचा. लोक गावितातून काथोघिकेत जातात, मेणबत्ती लावतात, फोटो काढतात आणि परततात. कातळातली खरी चर्चं गावितातून डाव्या हाताला, उत्तरेच्या भिंतीपलीकडे आहेत. पश्चिमेच्या दारातून आत शिरलात की डावी भिंत धरून चाला. तिथली दारं अंधारी आहेत, ठळक पाटी नाही, म्हणून सुटतात.

डावीकडचं पहिलं दार आवाझानचं. आवाझान म्हणजे कुंड. ज्या झऱ्यामुळे मठ इथे झाला तो ह्याच खोलीत आहे. तेराव्या शतकाच्या चाळिशीत हे चर्च कोरलं आणि कोरणाऱ्या स्थपतीचं नाव, गाल्द्झाक, आत शिलालेखात आहे. आपल्याकडच्या इतक्या लेण्यांमध्ये मुख्य कारागिराचं नाव क्वचितच सापडतं, त्यामुळे इथे जरा थांबा. छताला एकमेकींना छेदणाऱ्या कमानी आहेत, त्यांच्या मध्ये माथ्याला उजेडाचं भोक.

दुसरं दार प्रोश घराण्याच्या झामातुनचं, म्हणजे कबरींच्या मंडपाचं. त्यातून पुढे आस्त्वात्साद्झिन हे दुसरं कोरीव चर्च. दोन्ही १२८३ पर्यंत पूर्ण झाली. मठ त्यावेळी प्रोश सरदाराने विकत घेतला होता.

तिसरी जागा बाहेरून. गावितातून परत अंगणात या, पश्चिमेच्या बाजूला कड्याला लागून दगडी जिना वर जातो. जिन्याच्या शेवटी एक चिंचोळी बोगद्यासारखी वाट, भिंतींवर कोरलेले क्रूस, आणि तिच्या टोकाला वरचं झामातुन, साल १२८८. चार खांब, मध्ये घुमट, माथ्यावर भोक. हे सगळं वरून खाली, एका अखंड कातळातून.

प्रश्न विचारा, जमेल तशी भर घालतो.

सुमेधा_ठाणे

फारच उपयोगी. सोबत सत्तरीचे दोन ज्येष्ठ आहेत, दोघांचे गुडघे बेताचेच. नेमकं काय जमेल?

कातळवाट

सुमेधाताई, गाडीतळापासून मठाच्या फाटकापर्यंत फरसबंद चढ आहे. पाच-सात मिनिटांचा, पण दगड उंचसखल. काठी न्या. अंगण, गावित, काथोघिके आणि डावीकडच्या दोन्ही कोरीव जागा जमिनीच्या पातळीवरच आहेत, उंबरे तेवढे उंच. ते सगळं जमेल. वरच्या झामातुनचा जिना सोडा. पायऱ्या झिजलेल्या आणि उंचीला सारख्या नाहीत, आणि पावसात किंवा बर्फात तर तरुणांनीही जपून जावं असा आहे.

आवाझानमध्ये मात्र दोघांना हात धरून न्या. झऱ्याचं पाणी जमिनीत कोरलेल्या पन्हळीतून वाहतं. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि पाय नेमका पन्हळीत जातो. आधी दाराशी थांबा, डोळे रुळू द्या, मग पुढे.

गार्नीच्या घळीत पायी उतरणं त्यांच्यासाठी नको. शंभर मीटरहून जास्त उतार, वाट दगडगोट्यांची आणि तितकाच चढ परतताना. गावात वरती स्थानिक लोक जीपगाड्या घेऊन उभे असतात, ते नदीपर्यंत सोडतात आणि आणतात. भाडं बसण्याआधीच ठरवा, जाण्या-येण्याचं मिळून आणि खाली किती वेळ थांबणार तेही.

लेणीप्रेमी

धागा छान. एक दुरुस्ती नव्हे, पण भर.

'लेणीच बघायची तर अजिंठा-वेरूळ काय कमी आहे' हा प्रश्न आर्मेनियाच्या प्रत्येक धाग्यावर येतो, म्हणून फरक सांगतो. दोन्हीकडे खोदणाऱ्यांनी बांधकामाची नक्कल केली आहे, फक्त मूळ वेगळं. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी फासळ्या आहेत, कारण कातळ लाकडी सभागृहाचं रूप घेतो. गेघार्दमध्ये कातळ दगडी घुमटाचं आणि आर्मेनियन खेड्यातल्या घराचं रूप घेतो. त्या घराच्या छपरात मधोमध धुरासाठी एक भोक असायचं. तेच भोक गावितात दिसतं, तेच कातळातल्या प्रत्येक खोलीच्या माथ्यावर आहे.

त्यामुळे उजेडाची दिशाच बदलते. आपल्या चैत्यात उजेड समोरून, पिंपळपानाच्या आकाराच्या गवाक्षातून येतो आणि स्तूपावर पडतो. इथे उजेड वरून येतो, बाकी सगळं अंधारात. येरेवानच्या बाजूला वर्षाला तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वरती डोंगरात थोडा अधिक. सह्याद्रीत कोणी छताला असं भोक पाडलं असतं तर पहिल्याच आषाढात लेण्याचं टाकं झालं असतं.

तुलना करायची तर वेरूळच्या कैलासशी करा, कारण तोही वरून खाली उतरत खोदला आहे. पण कैलास मोकळ्या आभाळाखाली सुटा उभा आहे. वरच्या झामातुनमध्ये डोंगर डोक्यावर तसाच आहे आणि खोदणारे त्याच्या पोटात होते. त्या चार खांबांपैकी एकावर हात ठेवून पाहा. खांब, कमान, घुमट, कुठेही सांधा नाही. खांब उभा केलेला नाही, त्याच्या आजूबाजूचा डोंगर काढून टाकलाय. एका खांबाची जाडी चुकली असती तर दुरुस्ती नव्हतीच.

सुमेधा_ठाणे

वा! आणि प्रोशच्या मंडपात सिंह कोरलेले आहेत म्हणतात ते नेमके कुठे?

लेणीप्रेमी

झामातुनमध्ये शिरलात की उत्तरेच्या भिंतीवर, कमानींच्या वर. विजेरी खालून वर मारा, समोरून मारलीत तर उठाव सपाट दिसतो.

सगळ्यात वर एका जनावराचं डोकं, त्याच्या जबड्यात साखळी. ती साखळी दोन्ही बाजूंना खाली येते आणि दोन सिंहांच्या गळ्यात गुंडाळलेली आहे. सिंहांची अंगं बाजूने कोरली आहेत पण माना आपल्याकडे वळवलेल्या. शेपट्यांकडे नीट बघा: शेपटीच्या टोकाला गोंडा नाही, तिथे वर पाहणारी ड्रॅगनची तोंडं आहेत. सिंहांच्या मध्ये, साखळीखाली, अर्धे पंख पसरलेला गरुड आणि त्याच्या नखांत कोकरू. प्रोश घराण्याचं हे कुलचिन्ह असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. धार्मिक जागेत हे शिकारीचं चित्र का, याचं उत्तर एवढंच की ही खोली मुळात सरदारांच्या कबरीची आहे.

काथोघिकेच्या दक्षिण दारावर बाहेरून बैलावर झडप घालणारा सिंह आहे, आणि डाळिंबं, द्राक्षं. तेही चुकवू नका. उजेडात आहे म्हणून लोक आत जाण्याच्या घाईत बघतच नाहीत.

फोकस_पॉइंट

फोटोबद्दल विचारणारे येतीलच, म्हणून आधीच लिहितो.

माथ्याच्या भोकातून पडणारा उन्हाचा झोत सगळ्यांना हवा असतो आणि बहुतेकांना मिळत नाही, कारण वेळ चुकते. गेघार्द साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनलाही सूर्य तिथे ७३ अंशांच्या वर चढत नाही, म्हणजे मुंबईसारखा डोक्यावर कधीच येत नाही. झोत नेहमी तिरका, उत्तरेच्या भिंतीकडे झुकलेला. डिसेंबरच्या शेवटी सूर्य दुपारीही २६-२७ अंशांवरच असतो, तेव्हा खोल भोकातून थेट ऊन आत शिरतच नाही. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आशा ठेवा.

आणि घड्याळ: आर्मेनियाची प्रमाणवेळ अशी आहे की तिथे खरी माध्यान्ह बाराला नसून दुपारी एकच्या आसपास असते. बाराला पोचून 'झोत नाही' म्हणून निघून जाऊ नका.

कॅमेरा असेल तर आयएसओ १६०० ते ३२०० लागतोच, भिंग २४ मिमी किंवा त्याहून रुंद. मोबाइल असेल तर रात्रीचा मोड, आणि हात खांबाला टेकवून. मोबाइल भोकाच्या उजेडावर मोजमाप करतो आणि बाकी सगळं काळं करतो. अंधाऱ्या भिंतीवर बोट दाबून धरा म्हणजे मोजमाप तिथे अडकेल, मग उजेड थोडा खाली ओढा. एक फोटो भिंतीसाठी, एक भोकासाठी असे दोन घेतले तर नंतर जोडता येतात. प्रार्थना चालू असेल तर फ्लॅश आणि तिपाई अजिबात नाही. इतर वेळीही मेणबत्त्यांचा उजेड हाच त्या खोलीचा खरा उजेड आहे.

अनुराधा_शारजा

इथून जाणाऱ्यांसाठी प्रवासाचं. शारजा किंवा दुबईहून येरेवान साधारण सव्वातीन तासांचं उड्डाण, मुंबईहून येणाऱ्यांनाही हाच टप्पा सोयीचा. भारतीय पारपत्रावर ई-व्हिसा मिळतो, २१ दिवसांचा आणि १२० दिवसांचा असे दोन प्रकार आहेत. आखाताचा निवासी परवाना असणाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत आणि बदलत असतात, तिकीट काढण्याआधी आर्मेनियाच्या सरकारी संकेतस्थळावर बघा.

येरेवानहून गार्नीपर्यंत छोट्या गाड्या जातात, त्यांना मार्शरुत्का म्हणतात. शहराच्या पूर्वेकडच्या गाई रस्त्यावरून सुटतात. भाडं अगदी थोडं, पण वाहकाला इंग्रजी येईलच असं नाही. 'गार्नी' हा शब्द आर्मेनियन लिपीत मोबाइलवर चित्र म्हणून साठवून ठेवा, तो दाखवला की काम होतं.

अडचण गार्नीनंतर सुरू होते. ह्या गाड्या मठापर्यंत जात नाहीत. गोख्त गावात उतरलात तरी पुढे साधारण पाच किलोमीटर डांबरी चढ पायी. जाणारे जातात, पण उन्हाळ्यात दुपारी सावली नाही.

ॲपवरची टॅक्सी येरेवानहून गेघार्दला सहज मिळते, परत येताना मिळत नाही. दरीत रेंज येते-जाते, आणि रिकामी टॅक्सी तिथे फिरकतच नाही, कारण रस्ता तिथेच संपतो. त्यामुळे एकच गाडी पूर्ण दिवसासाठी थांबण्यासकट ठरवा. ठरवताना तीन जागा मोजून सांगा: गेघार्द, गार्नीचं देऊळ (ख्रिस्ती धर्म येण्याआधीचं), आणि घळ. 'गार्नी-गेघार्द' एवढंच म्हटलं की चालक घळ धरत नाहीत आणि मग खाली वाद होतो.

रोख द्राम (तिथलं चलन) जवळ ठेवा. मठाबाहेरच्या बाया कार्ड घेत नाहीत, एटीएम गार्नी गावातच.

विनायक_ज

क्रम काय ठेवावा? सगळे आधी गार्नी म्हणतात.

कातळवाट

उलटा. सकाळी नऊपर्यंत थेट गेघार्द. येरेवानच्या सहलींच्या बस गार्नी करून साधारण अकराच्या पुढे मठावर पोचतात आणि तीनपर्यंत खोल्या भरलेल्या असतात. कातळातल्या खोलीत वीस माणसं बोलायला लागली की काही ऐकू येत नाही, आणि वरच्या झामातुनची तर अख्खी जादू आवाजातच आहे. तिथे एकाने एकच सूर सावकाश लावावा. शब्द नकोत, वेगवान गाणं नको, कारण आवाज इतका वेळ घुमत राहतो की आधीचा शब्द पुढच्यावर चढतो. आर्मेनियन गायकवृंद तिथे मुद्दाम गातात ते याच कारणासाठी. कोणी गात असेल तर आपण गप्प.

वरच्या खोलीत मागच्या उजव्या कोपऱ्यात जमिनीला एक भोक आहे, त्यातून खालचं झामातुन दिसतं. लहान मुलं असतील तर आधी तिकडे उभं राहून मग त्यांना आत बोलवा.

उन्हाचा झोत हवा असेल तर मात्र फोकस_पॉइंट म्हणतात तसं एकपर्यंत थांबावं लागेल आणि गर्दी सोसावी लागेल. दोन्ही एकत्र होत नाही. निवड करायची तर मी आवाज निवडेन.

नंतर दुपारी गार्नीत जेवण, देऊळ, आणि चारच्या पुढे घळ.

सह्यभटका

घळीबद्दल लिहितो, कारण मंडळी मठावरच थांबली आहेत.

गार्नीच्या घळीतल्या दगडी खांबांना 'पाषाणांची सिंफनी' म्हणतात. एखाद्या महाकाय ऑर्गनच्या नळ्या उभ्या कराव्यात तसे बेसॉल्टचे खांब, बहुतेक सहा बाजूंचे, काही पाच बाजूंचे, काही ठिकाणी पन्नास मीटरपर्यंत उंच. घडतात असे: लाव्हा दरीत भरला आणि हळूहळू थंड झाला. थंड होताना दगड आकसतो, आकसताना तडे पडतात, आणि तडे ज्या पृष्ठभागावरून थंडावा आत येतो त्याच्याशी काटकोनात आत सरकतात. म्हणून सपाट थराचे खांब उभे, आणि जिथे थंड होणारा पृष्ठभाग वाकडा होता तिथे खांबही पंख्यासारखे वळलेले दिसतात. मग आझातने तोच लाव्हा पुन्हा कापला आणि खांब उघडे पडले.

हे आपल्याला परकं नाही. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हेच आहे, साठेक मीटर उंच, सरळ उभे खांब, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास जुने. कोल्हापूरकडे बांदिवड्यालाही असे खांब आहेत. गार्नीचा लाव्हा त्यामानाने कालपरवाचा. फरक एवढाच की गिल्बर्ट हिल आपण चारी बाजूंनी फोडला आणि इमारतींनी वेढला. गार्नीत खांबांच्या खालून चालता येतं.

आणि तिथेच धोका आहे. काही जागी नदीने खालचा भाग खाल्ला आहे आणि खांब वरून लोंबतात. मान वर केली की त्यांची तुटलेली तोंडं मधाच्या पोळ्यासारखी दिसतात, प्रत्येक तोंड परातीएवढं. फोटोसाठी लोक नेमके त्याखाली उभे राहतात. पायाखाली पडलेले सहा बाजूंचे तुकडे बघा, ते तिथूनच आलेत. हिवाळ्यात फटीत पाणी गोठतं, फुगतं, खांब ढिले होतात आणि बर्फ वितळताना सुटतात. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये आणि मोठ्या पावसानंतर कड्याला चिकटून चालू नका, रस्त्याच्या नदीकडच्या कडेने चाला.

उतरायची वाट देवळाच्या फाटकापासून गावातून जाते, पायी अर्धा-पाऊण तास खाली, वर यायला तासभर धरा. घळीत गाडी-माणसांसाठी थोडं शुल्क घेतात. नदीवर अकराव्या शतकातला एकेरी कमानीचा दगडी पूल आहे, तोही पाहून घ्या. पलीकडचा डोंगर खोस्रोव राखीव जंगलाचा, तिथे परवानगीशिवाय शिरायचं नाही.

बूट घोट्यापर्यंतचे, तळवा खडबडीत. गोटे गुळगुळीत आहेत, चपला-सँडल नकोत. पाणी माणशी किमान लिटरभर.

सुमेधा_ठाणे

गार्नीचं देऊळ खरंच जुनं आहे की नव्याने बांधलेलं? दोन्ही वाचलं.

लेणीप्रेमी

दोन्ही खरं. पहिल्या शतकातलं, राजा त्रदात पहिला याच्या काळातलं मानतात, चोवीस खांबांचं, करड्या बेसॉल्टचं. १६७९ च्या भूकंपात कोसळलं. १९६९ ते १९७५ मध्ये पडलेले मूळ दगड जुळवून परत उभारलं. जिथे मूळ दगड मिळाला नाही तिथे मुद्दाम साधा, नक्षी नसलेला दगड घातला, म्हणजे जुनं-नवं वेगळं ओळखता येतं. कार्निसकडे (छपराखालच्या कोरीव पट्टीकडे) आणि भिंतींकडे ह्या नजरेने बघा. नक्षी मध्येच थांबते तो नवा दगड. जीर्णोद्धार असा प्रामाणिक असावा, असं फार वाटतं.

अनुराधा_शारजा

चर्चमधल्या रीतीबद्दल, कारण आपल्या लोकांचा गोंधळ होतो.

चपला-बूट काढायचे नाहीत. दारात काढून ठेवले तर थंड ओल्या दगडावर पाय गारठतात आणि लोक विचित्र बघतात. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बायकांनी डोक्यावरून ओढणी घेतली तर चांगलंच, पण पाहुण्यांवर सक्ती नसते. वेदी उंच चौथऱ्यावर असते, त्या चौथऱ्यावर पाहुण्यांनी चढायचं नाही. बाहेर पडताना स्थानिक लोक वेदीकडे पाठ न करता मागे मागे चालत जातात. आपल्याकडे गाभाऱ्यातून निघताना कित्येक जण हेच करतात, त्यामुळे सहज जमेल.

मेणबत्त्या गावितात मिळतात, बारीक, मेणाच्या. पैसे पेटीत टाकायचे आणि मेणबत्ती वाळूच्या तबकातच लावायची. कातळाच्या कोनाड्यात लावू नका, काजळीचे डाग आठशे वर्षांच्या कोरीव कामावर बसतात आणि निघत नाहीत.

आवाझानचं पाणी लोक बाटलीत भरून नेतात. हरकत नाही, पण पन्हळीत हात-पाय धुवू नका, ते त्यांच्यासाठी तीर्थ आहे.

फाटकाबाहेर कड्याच्या कोनाड्यांत लोक खडे फेकतात, खडा टिकला तर इच्छा पुरी होते म्हणे. खडे परत खालीच येतात, त्याखाली उभे राहू नका.

आणखी एक, शाकाहारी कुटुंबांसाठी. मठाजवळ कधी कधी 'मताघ' होतो, म्हणजे नवसाचं मेंढरू कापून त्याचं जेवण वाटतात. विशेषतः रविवारी. लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा किंवा आठवड्यातला दुसरा दिवस निवडा. रविवारी सकाळी प्रार्थनाही मोठी असते. ऐकायला सुंदर, पण खोल्या बघता येत नाहीत.

विनायक_ज

खाण्याचं काय? घरचे पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही.

अनुराधा_शारजा

मठाबाहेर बाया गाता विकतात, मोठी गोल गोड भाकरी, वर नक्षी. आत लोणी-साखर-पिठाचं सारण, पण वरून चकाकीसाठी सहसा अंडं लावलेलं असतं. ते तुम्हाला चालणार नाही. सुजुख चालेल: दोऱ्यात ओवलेले अक्रोड, द्राक्षाच्या आटवलेल्या रसात बुडवून वाळवलेले, दिसायला मेणबत्तीसारखे. फळांच्या आंबट पातळ पोळ्याही मिळतात, आपल्या आंबापोळीच्या जवळच्या. चाखायला तुकडा देतात, आंबट-गोड विचारून घ्या.

गार्नी गावात कित्येक घरांत लवाश भाजताना बघता येतो. जमिनीत पुरलेल्या मातीच्या भट्टीला तोनीर म्हणतात, आपला तंदूर. पीठ, पाणी, मीठ, बस. त्यात ओली हिरवी पानं आणि चीज गुंडाळून जेवण होतं. चीज खारट असतं, पाणी जवळ ठेवा.

विनायक_ज

महिना कोणता बरा? नोव्हेंबर अखेरीस जमतंय.

सह्यभटका

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये येरेवानला पारा ३५ च्या पुढे, गेघार्द उंचावर असल्याने सुसह्य, पण घळ दुपारी तापते. नोव्हेंबर अखेर म्हणजे बर्फाची शक्यता धरूनच जा. डांबरी रस्ता सहसा मोकळा करतात, घळीची वाट नाही. दरीत ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं, साडेचारलाच काळोखायला लागतं, त्यामुळे घळ आणि मठ एका दिवसात बसणार नाहीत. तुम्ही फक्त मठ आणि देऊळ ठेवा. वरच्या झामातुनच्या पायऱ्यांवर सकाळी पातळ बर्फाचा थर असतो, डोळ्यांना ओला दगड वाटतो. दहाच्या आधी चढू नका.

आतल्या खोल्या कोणत्याही महिन्यात गार असतात, उन्हाळ्यातही एक पातळ जाकीट बरोबर असू द्या.

लेणीप्रेमी

जाता जाता एक. मुंबईत फोर्टात मेडोज स्ट्रीटवर आर्मेनियन चर्च आहे, मूळ अठराव्या शतकाच्या अखेरचं. सुरतेत त्यांचं जुनं कबरस्तान, चेन्नईत आणि कोलकात्यात चर्चं. ही व्यापारी मंडळी आपल्याकडे तीन-चारशे वर्षांपूर्वीच येऊन राहिली होती. कबरींवरची लिपी आधी तिथे डोळ्यांखालून घातलीत तर गेघार्दच्या भिंतींवर अक्षरं कुठे सुरू होतात आणि नक्षी कुठे संपते हे पटकन कळतं.

सुमेधा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: मठात साधारण किती वेळ धरू? चालकाला आकडा सांगायचाय.

कातळवाट

अंगण आणि काथोघिके अर्धा तास, आवाझान वीस मिनिटं, प्रोशचा मंडप आणि पुढचं चर्च अर्धा तास. तुम्ही त्या दोघांना घेऊन हे सावकाश करेपर्यंत बाकीचे वरच्या झामातुनला जाऊन येतील. मठाच्या पूर्वेच्या लहान दारातून ओढ्यापाशी उतरता येतं, झाडांना नवसाच्या चिंध्या बांधलेल्या दिसतील, ज्येष्ठांना टेकायला तिथे सावली आहे. चालकाला अडीच तास सांगा. दोन सांगितलेत तर दीड तासानंतर तो फाटकाशी येऊन उभा राहील.

आणि रस्त्याच्या वरच्या अंगाला, मठाच्या फाटकाच्या शंभरेक मीटर अलीकडे, संत ग्रेगरीचं छोटं अर्धकोरीव चर्च आहे, ११७७ च्या आधीचं, आत गिलाव्यावर चित्रांच्या खुणा. गाडी त्याच्यापुढून निघून जाते. परतताना तिथे थांबायचं हेही चालकाला आधीच सांगून ठेवा.